नेमणूकपत्रातलं एक कलम बदला: पीएचपीवर पोट असलेल्या कंपन्यांच्या मालकांना खुलं पत्र

पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मालकांना आणि संचालकांना,

स. न. वि. वि.

पीएचपी या वेबसाइटींच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लाराव्हेल नावाच्या तयार सांगाड्यावर तुमच्याकडे सध्या चालू असलेला कुठलाही प्रोजेक्ट उघडा आणि व्हेंडर नावाच्या, म्हणजे इतरांचा आयता कोड ठेवलेल्या, फोल्डरमध्ये जा. तिथे ‘निकिक’ नावाचं एक फोल्डर सापडेल आणि त्याच्या आत ‘पीएचपी-पार्सर’, म्हणजे लिहिलेला कोड वाचून त्याची रचना उलगडणारं साधन. ते तुमच्या कोणी मुद्दाम घातलेलं नाही. कोड लिहिताक्षणी चालवून बघायचं लाराव्हेलचं टिंकर ज्या शेलवर चालतं त्याला हे पार्सर लागतं, टेस्ट चालवणाऱ्या पीएचपी-युनिटला कोड कव्हरेज (टेस्ट किती कोडपर्यंत पोचल्या ते) मोजायला लागतं, कोड न चालवता चुका शोधणारं पीएचपी-स्टॅन वापरत असाल तर त्यालाही लागतं. निकिक हे पीएचपी घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या निकिता पोपोव या प्रोग्रॅमरचं टोपणनाव. पत्र बरंचसं त्यांच्याबद्दल असलं तरी ते लिहितोय तुम्हाला, कारण या माणसाच्या दहा वर्षांच्या कामावर आपण सगळ्यांनी इन्व्हॉइस फाडली आहेत आणि त्या बदल्यात आपण काय दिलं, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याच मीटिंगमध्ये कधी निघत नाही.

मी स्वतः पीएचपीवर पोट भरणारा प्रोग्रॅमर आहे. नोकरी करतो. मालक कधी नव्हतो, त्यामुळे पगाराच्या तारखेचं दडपण मला माहीत नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. पण तुमच्या कंपन्यांत आत बसून जे दिसतं ते तुम्हाला काचेच्या केबिनमधून दिसत नसावं, असं वाटतं म्हणून हा खटाटोप.

निकितांनी पीएचपीच्या गाभ्यावर काम सुरू केलं २०११ मध्ये, तेव्हा ते शाळेत शिकत होते. नोकरी नव्हती, कंपनी नव्हती, कोणी टास्क दिलं नव्हतं. त्यांचा जनरेटर्सचा प्रस्ताव २०१२ चा. २०१३ मध्ये पीएचपी ५.५ आली आणि ‘यील्ड’ हा शब्द आपल्या हाती पडला. ज्यांनी त्याआधी मोठमोठ्या सीएसव्ही फायली एका अ‍ॅरेत भरून मेमरी लिमिट वाढवत नेली आहे, त्यांना यील्डची किंमत सांगायला नको. एक ओळ वाचा, वापरा, सोडून द्या. बाजार समितीची आवक असो की शाळेचा निकाल, शेअर्ड होस्टिंगवर चालवायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

मग पीएचपी ७. हा एकट्याचा पराक्रम नव्हे. झेंडचे दिमित्री स्टोगोव, चीनचे शिनचेन हुई आणि निकिता पोपोव, या तिघांचं नाव त्यात प्रामुख्याने घ्यावं लागतं. तो काळ आठवा. फेसबुकने पीएचपी चालवणारं स्वतःचं इंजिन, एचएचव्हीएम, काढलं होतं, विकिपीडिया २०१४ मध्ये त्यावर गेला होता आणि पीएचपी संपल्याच्या गप्पा आपल्या कँटीनमध्येही चालायच्या. या मंडळींनी आधी जेआयटी, म्हणजे कोड चालता चालता त्याचं यंत्रभाषेत भाषांतर, करून बघितला. वर्डप्रेससारख्या खऱ्याखुऱ्या अ‍ॅप्लिकेशनवर त्याचा म्हणावा तसा फायदा दिसेना. वेळ गणितात जातच नव्हता, तो मेमरीची देवघेव करण्यात जात होता. मग त्यांनी इंजिनाच्या आतली मांडणीच नव्याने बांधायला घेतली. प्रत्येक व्हेरिएबलची जी आतली पेटी असते, ती २४ बाइटची होती, १६ ची झाली. अ‍ॅरेतल्या प्रत्येक घराला ७२ बाइट लागायचे, ते ३२ वर आले. एक लाख पूर्णांकांचा अ‍ॅरे ६४-बिट मशीनवर पूर्वी सुमारे १४ एमबी खायचा, तो ४ एमबीत बसू लागला. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ बाहेर पडली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी फक्त व्हर्जन बदललं आणि साइट जवळपास दुप्पट वेगाने चालायला लागली. क्लायंटला आपण त्याला ‘परफॉर्मन्स ऑप्टिमायझेशन’ म्हटलं आणि त्याचं वेगळं बिल लावलं. मी ते बिल बनताना पाहिलंय! विकिपीडियाही २०१९ मध्ये एचएचव्हीएम सोडून पीएचपी ७ वर परत आला.

त्याच आवृत्तीत निकितांनी आणखी एक काम केलं, जे बाहेरून कोणाला दिसत नाही. आधी पीएचपीचा पार्सर कोड वाचता वाचता थेट ऑपकोड, म्हणजे इंजिनाला कळणाऱ्या सूचना, ओकायचा. त्यांनी मध्ये सिंटॅक्स ट्रीची, म्हणजे कोडची रचना झाडासारखी मांडण्याची, पायरी घातली. नंतर भाषेत जे काही येत गेलं त्यातलं बरंचसं या पायरीमुळे सोपं झालं. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हे मी सर्वांत वर ठेवीन. ज्याचा डेमो देता येत नाही असं काम मन लावून करणारी माणसं आपल्या धंद्यात टिकत नाहीत. आपल्याकडे स्प्रिंटच्या शेवटी काहीतरी दाखवावं लागतं.

त्यांची चिकाटी बघायची असेल तर नेम्ड आर्ग्युमेंट्सचा (फंक्शनला किंमती नावानिशी देण्याचा) प्रस्ताव बघा. मांडला २०१३ मध्ये, मंजूर झाला २०२० मध्ये. सात वर्षं. पीएचपीत कोणी एक मालक नाही. प्रस्ताव लिहायचा, त्यावर लोक तुटून पडतात, मग मतदान होतं आणि दोन-तृतीयांश मतं लागतात. हाऊसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्यांनी चालवली आहे त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की इथे पार्किंगऐवजी जगातल्या बहुसंख्य वेबसाइटींचा प्रश्न असतो.

आणि एक बदल, ज्यासाठी मी त्यांना दंडवत घालायला तयार आहे. पीएचपी ८ च्या आधी ० == "सातारा" हे खरं होतं. मस्करी नाही. आकड्याशी तुलना करायची म्हणून पीएचपी ‘सातारा’चा आकडा करायला जायची, आकडा निघायचा नाही, मग ती शून्य धरायची आणि शून्य बरोबर शून्य. जिल्ह्यांच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘निवडा’ची किंमत ० ठेवली आणि ती पूर्णांक म्हणून इन-अ‍ॅरेने जिल्ह्यांच्या यादीत शोधली, तर ती सापडायची! न भरलेला फॉर्म भरलेला ठरायचा. असे बग शोधण्यात आपल्या किती मुलांच्या रात्री गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. निकितांच्या प्रस्तावाने पीएचपी ८ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये, हे बंद झालं.

सगळं गोडच होतं असं नाही. पीएचपी ८.२ मध्ये डायनॅमिक प्रॉपर्टी (आधी जाहीर न करता वापरलेल्या) नापसंतीच्या, म्हणजे वापरल्यास इशारा मिळणाऱ्या गोष्टींच्या, यादीत गेल्या आणि जुन्या वर्डप्रेस प्लगिनांनी लॉग फायली भरून टाकल्या, तोही त्यांचाच प्रस्ताव. तेव्हा आमच्या फ्लोअरवर त्यांच्या नावाने जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला तो बदल आजही योग्य वाटतो. प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकलं की गुपचूप नवी प्रॉपर्टी तयार व्हायची, त्यापेक्षा लॉग भरलेला बरा.

आता २०२१ कडे येतो, कारण त्या एका वर्षात तुमच्या धंद्याचा पाया किती लोकांच्या खांद्यावर आहे ते उघडं पडलं.

२८ मार्च २०२१. पीएचपीच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर, म्हणजे तिच्या कोडमधल्या बदलांची नोंद जिथे राहायची तिथे, एक बदल आला. शीर्षक होतं टायपो दुरुस्त केल्याचं, नाव होतं रास्मुस लेरडॉर्फ यांचं, म्हणजे ज्यांनी १९९४ मध्ये ही भाषा सुरू केली त्यांचंच. आत काय होतं? एका विशिष्ट हेडरमध्ये ठरावीक शब्द आला तर त्यापुढचा मजकूर कोड म्हणून चालवायचा. सरळसरळ मागचं दार. ते लक्षात येऊन बदल मागे घेतला गेला, तर तो पुन्हा घालणारा दुसरा बदल आला, या वेळी निकितांच्या नावाने. दोघांचाही त्याच्याशी संबंध नव्हता. हे रिलीजपर्यंत पोचलं नाही, कारण बदल आला की डोळ्यांनी वाचणारी माणसं होती आणि त्यांनी काही तासांत ते पकडलं. त्यानंतर स्वतःचा गिट सर्व्हर बंद करून सगळं काम गिटहबवर नेलं गेलं. जरा विचार करा: तो कोड निसटला असता, तर पुढच्या अपडेटबरोबर आपणच तो आपल्या हाताने क्लायंटच्या सर्व्हरवर चढवला असता. आपल्यापैकी कोण पीएचपीचे बदल वाचतं? आपण रिलीज नोट्ससुद्धा काहीतरी मोडल्यावर वाचतो.

मे महिन्यात जो वॉटकिन्स या दुसऱ्या कोअर डेव्हलपरने उघडपणे लिहिलं की पीएचपीचं इंजिन आतून पूर्ण कळणारी माणसं कदाचित दोनच उरली आहेत, दिमित्री आणि निकिता. उद्या यांना काही झालं तर काय? किती माणसं अचानक गेली तर काम अडेल, या आकड्याला आपल्या धंद्यात बस फॅक्टर म्हणतात. क्लायंटच्या प्रोजेक्टचा बस फॅक्टर दोन निघाला तर तुम्ही रिस्क रजिस्टरमध्ये लाल रंगात लिहाल. ज्या भाषेवर सगळे प्रोजेक्ट उभे आहेत तिचा बस फॅक्टर दोन होता आणि आपल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती.

नोव्हेंबरमध्ये निकितांनी जाहीर केलं की ते यापुढे एलएलव्हीएमवर, म्हणजे कंपायलर बांधण्याच्या साधनांच्या एका मुक्त प्रकल्पावर, काम करणार. तोवर जवळपास तीन वर्षं प्रोग्रॅमरांसाठी साधनं बनवणारी जेटब्रेन्स ही कंपनी त्यांना पीएचपीवर काम करण्यासाठी पगार देत होती; १ डिसेंबर हा त्यांचा तिथला शेवटचा दिवस. अपघात झाला नाही, भांडण झालं नाही. एका माणसाला दुसऱ्या कामात रस वाटला, इतकंच. असा रस वाटण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. त्यांनी जाण्याआधी पुरेसा अवधीही दिला. तरीही जगभर धावपळ उडाली आणि २२ नोव्हेंबर २०२१ रोजी पीएचपी फाउंडेशनची घोषणा झाली. तिच्यामागे होत्या या दहा संस्था-कंपन्या: जेटब्रेन्स, ऑटोमॅटिक, लाराव्हेल, अ‍ॅक्विया, झेंड, प्रायव्हेट पॅकेजिस्ट, सिम्फनी, क्राफ्ट सीएमएस, टाइडवेज, प्रेस्टाशॉप. एकट्या जेटब्रेन्सने वर्षाला एक लाख डॉलर कबूल केले. या दहा नावांत भारतीय नाव एकही नव्हतं. २०२२ मध्ये फाउंडेशनने सहा जणांना पीएचपीवर काम करण्यासाठी मोबदला द्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या इलिया टोविलो यांच्यासारख्यांचा हात पुढच्या प्रत्येक आवृत्तीत दिसतो. पुढे जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडानेही पैसे घातले.

इथे तुम्ही म्हणाल, झालं तर मग, सोय लागली. पैसे द्यायचे असतील तर सांगा.

पैसे द्याच. ओपन कलेक्टिव्ह या देणग्या गोळा करणाऱ्या साइटवर फाउंडेशनचं पान आहे, रक्कम कितीही चालते. दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम भारतीय कार्डावरून अडकते हा अनुभव बऱ्याच जणांना आहे, ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम लागू झाल्यापासून जास्तच. मग वर्षातून एकदा एकरकमी द्या. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, करसूट यात नाही. खर्च कसा दाखवायचा ते तुमचा सीए बघेल. बंगळूरच्या झिरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तुमच्याकडून कोणी तेवढ्याची अपेक्षा करत नाही. ऑफिसच्या दिवाळी पार्टीच्या दहाव्या हिश्श्यात काम भागेल.

पण माझं मागणं पैशाचं नाही. पैशाने आणखी सहा माणसं मिळतील. मला विचारायचंय ते हे, की त्या सहांत, किंवा फुकटात काम करणाऱ्या शेकडोंत, आपली मुलं इतकी कमी का? हुशारी कमी म्हणून? हे तुम्हालाही पटणार नाही. आपल्याकडे पीएचपी इतकी लिहिली जाते की तिच्या खोड्या आपल्या पोरांइतक्या क्वचितच कोणाला माहीत असतील. अडतं दुसरीकडे. तुमच्या नेमणूकपत्रात.

ते कलम मला आता पाठ आहे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांत शब्द थोडेफार बदलून मी त्यावर सही केली आहे. नोकरीच्या काळात कर्मचारी जे काही लिहील, बनवेल, शोधून काढेल, ऑफिसच्या वेळेत किंवा वेळेबाहेर, कंपनीच्या साधनांनी किंवा स्वतःच्या, ते सर्व कंपनीचं. शिवाय कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम करायचं नाही. कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनीच असते. त्याबद्दल तक्रार नाही, ज्याने पगार दिला त्याचा कोड. पण तुमचं पत्र कायद्याच्या कितीतरी पुढे जातं. ते माणसाची रविवारची दुपारही लिहून घेतं.

याचा परिणाम कसा होतो ते सांगतो. आधीच्या एका कंपनीत माझ्याबरोबर इस्लामपूरकडची एक मुलगी होती, नुकतीच एमसीए झालेली. आम्ही एका मराठी बातम्यांच्या साइटचं काम करत होतो आणि मथळे कापताना अक्षरं तुटायची. तुम्हाला माहीत असेलच, पण नसेल तर: पीएचपीत ‘मराठी’ या शब्दाची लांबी साध्या स्ट्रलेनने मोजली तर १५ येते, कारण ती बाइट मोजते. एमबी-स्ट्रलेनने ५ येते, कारण ती काने-वेलांट्याही सुट्या मोजते. ग्राफीम-स्ट्रलेनने ३ येते, म, रा आणि ठी, जे शाळेतलं पोरगं सांगेल. एमबी-सबस्ट्रने पहिली दोन ‘अक्षरं’ घेतली की ‘मरा’ऐवजी ‘मर’ मिळतं! जोडाक्षरांचं तर विचारू नका. यूनिकोडच्या जुन्या नियमांनी ‘क्ष’चेही दोन तुकडे होत, जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला, त्यामुळे सर्व्हरवर आयसीयूची (यूनिकोडचे नियम पुरवणाऱ्या लायब्ररीची) कोणती आवृत्ती आहे त्यावर उत्तर बदलू शकतं. पीएचपीने पूर्ण यूनिकोडचा घाट एकदा घातला होता, पीएचपी ६ मध्ये. तो २०१० मध्ये गुंडाळावा लागला आणि म्हणूनच ७ च्या आधी ६ कधी आलीच नाही. तेव्हापासून हे दुखणं थोडं थोडं करून बरं करण्याचं काम चालू आहे. ८.३ मध्ये एमबी-स्ट्र-पॅड आलं, ८.४ मध्ये अक्षरं सुटी करणारं ग्राफीम-स्ट्र-स्प्लिट.

तर त्या मुलीने आमचं काम तर केलंच, पण मॅन्युअलमध्ये एमबी-सबस्ट्रच्या पानावर घालायला देवनागरीचं एक उदाहरण लिहिलं, ‘इथे हे वापरू नका, ते वापरा’ असं सांगणारं. जोडीला ग्राफीम फंक्शनांसाठी जोडाक्षरांच्या टेस्ट फायली. पीएचपीच्या टेस्ट फायलीत काही जादू नसते: वर नाव, मध्ये चालवायचा कोड, खाली अपेक्षित उत्तर. पण जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बसलेल्या माणसाला ‘ज्ञानेश्वर’मध्ये किती अक्षरं हे कुठून कळणार? ही टेस्ट आपल्यापैकीच कोणीतरी लिहिणार, नाहीतर ती लिहिलीच जाणार नाही. तिने ती पाठवण्याआधी रीतसर परवानगी मागितली. सरळ मुलगी. एचआरने विचारलं, हे कुठल्या क्लायंटसाठी? टाइमशीटवर त्या तासांना प्रोजेक्ट कोड नव्हता. मग ते लीगलकडे गेलं. लीगलने सांगितलं, कंपनीची मालमत्ता बाहेर देता येणार नाही. ‘ज्ञानेश्वर’ची अक्षरं मोजणाऱ्या वीसेक ओळी ही कंपनीची मालमत्ता! त्या कुठेच गेल्या नाहीत.

यात कोणी दुष्ट नव्हतं. एचआरच्या बाईंनी जे लिहिलंय ते वाचलं, वकिलाने जे लिहिलंय ते सांगितलं. जे लिहिलंय तेच चुकीचं होतं.

आता पुन्हा निकितांकडे बघा. शाळेत असताना त्यांनी कुठल्या नेमणूकपत्रावर सही केलेली नव्हती. नंतर नोकरी लागली ती हेच काम करण्यासाठी. तुमच्या कंपनीत एखादी निकिता असेल तर तिला आधी लीगल पार करावं लागेल आणि तेवढ्यात तिचा उत्साह मावळेल. किंवा ती टोपणनावाने, चोरून, काम पाठवेल, जे बरेच जण करतातही. ते दोघांसाठीही वाईट: पीएचपी वेगळ्या करारावर सही मागत नाही, पण पाठवणाऱ्याला तो कोड देण्याचा हक्क आहे असं धरून चालते. तुमच्या कलमामुळे तो हक्कच संशयास्पद होतो.

तुमच्या शंका मला माहीत आहेत. मार्जिन नाही, ही पहिली. मी तास मागतच नाहीये. तास द्याल तर आनंद आहे. वर्डप्रेसच्या दुनियेत तिचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांनी २०१४ मध्ये कंपन्यांनी आपली पाच टक्के साधनं परत देण्याची कल्पना मांडली आणि पुण्यातलीच आरटीकॅम्प ही कंपनी वर्डप्रेसला माणसं आणि वेळ देत आली आहे, म्हणजे इथल्या हवेत ते अशक्य नाही. पण निदान आमच्या स्वतःच्या वेळेवरचा हक्क तरी सोडा. त्याला खर्च शून्य.

मुलं नावारूपाला येतील आणि निघून जातील, ही दुसरी. तशीही जातात.

क्लायंटचा कोड बाहेर जाईल, ही तिसरी, आणि हिला मात्र वजन आहे. बँकेचं, रुग्णालयाचं काम करणाऱ्या कंपनीला ही भीती वाटलीच पाहिजे. उत्साहाच्या भरात कोणी क्लायंटचं फंक्शनच उदाहरण म्हणून चिकटवलं, तर नुकसान खरं आहे. पण याचा इलाज गोपनीयतेच्या कलमात आहे, आणि ते तुमच्याकडे वेगळं असतंच. त्याला हात लावू नका. भाषेच्या गाभ्यातल्या बगला क्लायंटच्या कोडची गरज नसते. बग नीट कळवायचा तर तो दहा ओळींत, सगळं काढून टाकून, दाखवावा लागतो. ज्याला ते जमतं तो तुमच्या प्रॉडक्शनमधला बगही लवकर शोधतो, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा मागणं एवढंच. वकिलाला दाखवायला म्हणून मसुदाही देतो: ‘कंपनीची किंवा तिच्या ग्राहकांची गोपनीय माहिती वा कोड न वापरता कर्मचारी एखाद्या सार्वजनिक मुक्त-स्रोत प्रकल्पाला जे योगदान देईल, ते त्या प्रकल्पाच्या परवान्यानुसार देण्यास कंपनीची या पत्रान्वये पूर्वपरवानगी आहे आणि त्या योगदानावर कंपनी हक्क सांगणार नाही.’ एक वाक्य. वकील त्यात दोन स्वल्पविराम वाढवेल, वाढवू द्या.

आणि टाइमशीटवर एक प्रोजेक्ट कोड. त्याखाली महिन्याला चार तास बसले तरी चालतील, शून्य बसले तरी चालतील. पण तो कोड असला की पुढच्या मुलीला ‘कुठल्या क्लायंटसाठी’ या प्रश्नाला उत्तर देता येईल. जगात ठिकठिकाणच्या पीएचपी गटांनी टेस्टफेस्ट नावाने एकत्र बसून टेस्ट लिहिल्या आहेत. एखाद्या शनिवारी तुमची कॉन्फरन्स रूम दिलीत तर देवनागरीच्या टेस्ट लिहायला माणसं आम्ही जमवू, चहाचा खर्चही आमचा. वायफाय तेवढं चालू ठेवा.

अजूनही ७.४ वर साइट चालवणाऱ्यांना जाता जाता एक सांगतो. तिचा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला. पीएचपीला काही द्यायच्या आधी क्लायंटला निदान एवढं द्या.

एप्रिलमध्ये बहुतेक ठिकाणी वेतनवाढीची पत्रं निघतात, प्रत्येकाची नवी सही घेतली जाते. हे वाक्य त्याच कागदावर, आकड्याच्या खाली, बसेल. ज्यांच्याकडे असं कलम आधीपासून आहे त्यांनी ते नोकरीच्या जाहिरातीत छापावं. कॅम्पसमधून बाहेर पडणारी मुलं आजकाल पॅकेजनंतर दुसरा प्रश्न काय विचारतात ते तुमच्या एचआरला विचारून बघा.

कळावे.

आपला,
पुण्यातला एक पीएचपी प्रोग्रॅमर